घिसाडघाई, चांभारचौकशी आणि आमची हॉबी

मराठीतले दोन शब्द आम्हा आयटीवाल्यांच्या तोंडात कायम असतात. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटने रिलीज मागितलं की "काय ही घिसाडघाई!" आणि टेस्टिंगवाल्याने चार प्रश्न जास्त विचारले की "याच्या नसत्या चांभारचौकश्या!" बोलताना आपण दोन जिवंत माणसांची नावं शिवीसारखी वापरतोय हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. एक घिसाडी, एक चर्मकार.

गेली तीन वर्षं शनिवार-रविवार मी हाताने सुरे बनवतो आणि त्यांची चामड्याची म्यानंही शिवतो. या दोन कामांतून एक गोष्ट पक्की कळली ती अशी की हे दोन्ही शब्द साफ खोटे आहेत. आणि हा खोटेपणा फक्त भाषेत असता तर मी लेख लिहिला नसता. आजकाल पुण्यातल्या आमच्यासारख्या पगारदार पोरांमध्ये 'हँडमेड' वस्तूंचं जे वेड आलंय, त्यातही नेमका हाच खोटेपणा भरलाय. तर मंडळी, आज थोडं तिखट लिहिणार आहे. चालवून घ्या.

आधी पार्श्वभूमी. मी कासुर्डीचा. तालुका दौंड. पुण्याहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन सोडलं की यवतच्या अलीकडे. २०१९ मध्ये टोल बंद झाला तोवर लोकांना आमचं गाव 'टोलनाका' म्हणूनच माहीत होतं. आठवडाभर हडपसरला खोलीवर राहून कोड लिहायचा आणि शनिवारी गावी येऊन गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड तापवायचं, असा माझा कार्यक्रम. पुण्यात आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे. सगळे इंजिनियर. एक दंतवैद्य आहे, त्याची फिनिशिंग सगळ्यात भारी :)

या ग्रुपमध्ये जे बनतं त्याला म्हणतात 'हंटिंग नाइफ'. इथूनच सुरुवात करू.

शिकार कसली डोंबलाची?

अमेरिकेत बॉब लव्हलेस नावाचा एक मोठा कारागीर होऊन गेला (२०१० मध्ये वारला). टोक पाठीच्या रेषेपासून थोडं खाली उतरलेलं, बोटात मावेल असं आटोपशीर पातं त्याने लोकप्रिय केलं. त्यामागे कारण होतं. मारलेलं जनावर सोलताना टोक वर आलेलं असेल तर आतडं फुटतं आणि मांस खराब होतं, टोक खाली असेल तर फुटत नाही. म्हणजे तो आकार त्या कामासाठी जन्मला.

आता आपल्याकडे बघा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, यानंतर या देशात हौशी शिकार संपली. आमच्या भागात रानातलं जनावर म्हणजे एक तर सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातलं चिंकारा, नाहीतर शिरूरकडच्या उसातला बिबट्या. यांपैकी नक्की कशाची शिकार करायचा बेत आहे? ग्रुपमधल्या एकाने मागच्या महिन्यात त्याच्या 'हंटर'चा व्हिडिओ टाकला. त्यात तो पनीर कापत होता.

हे मी चेष्टा म्हणून सांगत नाही. शब्द उसना घेतला की त्याच्या पाठोपाठ सगळंच उसनं येतं. पोलादाचे नंबर अमेरिकेचे, धारेचे दगड जपानचे आणि गुरू यूट्यूबवरचे. मग सोलापूर रस्त्याच्या कडेला पाल टाकून, भाता लावून बसलेला माणूस आपल्याला दिसतच नाही. तो 'हंटिंग नाइफ' बनवत नाही ना! तो विळा, कोयता, खुरपं बनवतो.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी नावाची संस्था १९७६ पासून आहे. तिच्या पहिल्या पायरीची परीक्षा आमच्या ग्रुपला तोंडपाठ आहे. लोंबकळणारा एक इंची दोर एका घावात कापायचा, मग दोन बाय चारची लाकडी पट्टी दोनदा तोडायची, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून नव्वद अंशात वाकवायचं, ते मोडता कामा नये. परीक्षा उत्तमच आहे. पण आमच्या उसाच्या फडात मराठवाड्यातून जी जोडपी तोडीला येतात, त्यांच्या हातातला कोयता पहाटेपासून ऊस तोडतो, तो एक दिवस नाही, हंगामभर. धार बसत नसेल, पातं मुरडत असेल, तर त्या जोडप्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. आणि 'कोयता' हा शब्द तर तिथे नवरा-बायको मिळून एका जोडीचं नावच आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. अवजारावरून माणसं मोजली जातात, इतकं ते अवजार आणि ती माणसं एक झालेली आहेत. ही परीक्षा पास होणाऱ्या लोहाराला सर्टिफिकेट मिळत नाही, बस्स, एवढाच फरक.

घिसाडघाई

आता पात्याकडे येऊ.

आम्ही ट्रकच्या कमानीचा जुना पाटा वापरतो. हायवेवर भंगारात किलोने मिळतो. चांगलं पोलाद असतं, अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन, म्हणजे पाणी दिल्यावर कडक होणारं. ते लाल करून राखेत गाडून सावकाश गार करायचं म्हणजे मऊ पडतं. मग कापायचं, ग्राइंडरने आणि कानशीने आकार द्यायचा, मुठीसाठी भोकं पाडायची. इथपर्यंत कुणालाही जमतं.

खरी गोष्ट पुढे आहे. पातं परत तापवायचं, आणि नेमक्या वेळी बुडवून कडक करायचं. यालाच 'पाणी देणं' म्हणतात. पुस्तकी भाषेत सांगायचं तर पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटायचं थांबतं; त्याच्या थोडं पुढे नेऊन कोमट तेलात बुडवायचं. आता पातं काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ. म्हणून मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा भाजायचं, म्हणजे थोडा कडकपणा जाऊन चिवटपणा येतो. मी हे असंच करतो. चुंबक, तेलाचा डबा, थर्मामीटर, ओव्हन आणि एक अख्खा रविवार.

आता यवतच्या अलीकडे दरवर्षी पाल टाकणारे काका हेच कसं करतात ते सांगतो. आधी पाटा हातात लोंबकळता धरून हातोडीने टिचकी मारतात आणि ऐकतात. आवाज खणखणीत आला तर ठीक, भसका आला तर आत बारीक तडा आहे, पाटा बाजूला. मग तापवतात. घण मावशी चालवतात. हो, घिसाड्यांमध्ये जड घण बहुतेक बाईच्या हातात असतो. सांडशीत लोखंड धरून ते कुठे आणि कसं फिरवायचं हे पुरुष बघतो. पाणी द्यायचं काम ते उन्हात कधीच करत नाहीत. पालाच्या सावलीत, शक्यतो दिवस कलल्यावर. कारण लोखंडाचा रंग उन्हात फसवतो. काकांकडे थर्मामीटर नाही, डोळा आहे, म्हणून डोळ्याला हवा तसा उजेड ते आधी तयार करतात.

आणि आता मजा बघा. ते पातं पूर्ण बुडवत नाहीत. फक्त धार पाण्यात धरतात, दोन-तीन मोजेपर्यंत, आणि बाहेर काढतात. पाठ अजून गरम असते. लगेच धार दगडावर घासून चकचकीत करतात आणि बघत बसतात. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरते, आणि चकचकीत भागावर रंग चढायला लागतो. आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग धारेपर्यंत आला रे आला की परत पाण्यात. झालं. धार कडक, पाठ चिवट. माझ्या ओव्हनचे चार तास त्यांनी एकाच तापात, त्याच उष्णतेत उरकले. थर्मोडायनॅमिक्सच्या कुठल्याही सरांना दाखवा, टाळ्या वाजवतील.

मी एकदा घाईघाईने विचारलं, "काका, काढू का आता?" तर म्हणाले, "थांब की. लोखंडाला येऊ दे, तुला कशाला येतीय?"

ही म्हणे घिसाडघाई! लोखंड गरम आहे तोवरच मारावं लागतं म्हणून घाव भराभर पडतात, हे खरं. लांबून बघणाऱ्याला ती घाई वाटली आणि त्याने शब्द पाडून टाकला. पण कुठे भराभर हात चालवायचा आणि कुठे श्वास धरून थांबायचं, हे ज्याला कळतं त्याला आपण घाईचं प्रतीक केलं. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता टेस्टिंग न करता प्रॉडक्शनला कोड टाकणारे आपण, आणि नाव घिसाड्याचं. कमाल आहे.

चांभारचौकशी

म्यान. आमच्या ग्रुपमध्ये म्यानाला दुय्यम समजतात. पातं म्हणजे कला आणि म्यान म्हणजे पॅकिंग. अहो, पातं तुमच्या मांडीपासून लांब ठेवणारी एकमेव गोष्ट म्यान आहे!

यातलं जे मला येतं ते दौंडच्या बाजारात टपरी असलेल्या एका दादांकडून आलंय. पहिल्यांदा सुरा घेऊन गेलो तेव्हा मला वाटलं माप घेतील आणि पैसे सांगतील. त्यांनी प्रश्न सुरू केले. डावरा का उजवा? पट्ट्याला लावणार का पिशवीत टाकणार? मोटरसायकलवर बसताना अंगावर असेल का? बसल्यावर टोक कुठे येतं? ओल्यात काम आहे का? किती वेळा काढ-घाल होणार? मला कंटाळा आला इतके.

प्रत्येक प्रश्नामागे एक निर्णय होता हे नंतर कळलं. बसल्यावर टोक मांडीत घुसणार असेल तर लोंबता पट्टा लागतो. ओल्यात काम असेल तर मेण जास्त. काढ-घाल जास्त असेल तर तोंडाशी दुहेरी शिवण. कातडं कसलं, हाही प्रश्नच. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे जाड कातडं म्हणजे बहुतेक म्हशीचं. त्यातही पाठीचं घट्ट आणि पोटाचं सैल, ताणलं जाणारं. म्यानाला पाठीचंच हवं. आणि ते हिरडा-बाभळीच्या सालीत कमावलेलं हवं. तसं कातडं भिजवून सुऱ्यावर दाबून बसवलं की वाळल्यावर तोच आकार धरून राहतं. जॅकेटचं मऊ, क्रोमचं कातडं आकार धरत नाही.

शिवताना दोन्ही बाजूंनी दोन सुया. आरीने भोक पाडायचं, आणि एकाच भोकातून दोन्ही सुया एकमेकींना ओलांडून न्यायच्या. मशीनच्या शिवणीचा एक टाका तुटला की पुढची शिवण उसवत जाते. या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. आम्ही ज्याला 'रिडंडन्सी' म्हणतो आणि क्लायंटला पन्नास स्लाइड्स दाखवतो, ती ही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, धारेच्या बाजूला दोन कातड्यांच्या मध्ये एक तिसरी पट्टी. दादा म्हणाले, "ही घातली नाही तर सुरी आपलंच घर उसवती."

तर ही चांभारचौकशी. आपल्या धंद्यात याला 'रिक्वायरमेंट गॅदरिंग' म्हणतात आणि त्याचे तासावर पैसे लावतात. गिऱ्हाईक काय म्हणतंय यापेक्षा त्याला खरोखर काय लागणार आहे हे शोधून काढणारा बिझनेस अ‍ॅनालिस्ट आपल्याकडे गाडी घेऊन फिरतो. टपरीवरचा माणूस तेच करतो तर ती नसती चौकशी!

मी शेडमधून कातडं घरात आणलं तेव्हा आजी म्हणाली, "ते ओट्यावर नको ठेवू." त्याच क्षणी देवघराच्या भिंतीवरच्या खुंटीला माझी लॅपटॉपची चामड्याची बॅग लटकत होती, आणि तिच्यावर कुणाचा काही आक्षेप नव्हता. शोरूममधून आली की कातड्याची बॅग होते. आजीला मी काही बोललो नाही, ती ऐंशीची आहे. पण आम्ही तिशीतले तरी वेगळं काय करतोय?

तीनशे आणि साडेचार हजार

आता पैशाचं बोलू, म्हणजे सगळं स्वच्छ होईल.

मागच्या वर्षी माझा एक सुरा, बाभळीची मूठ, म्यानासकट, साडेचार हजारांना गेला. घेणारा बाणेरचा, आमच्यासारखाच एक आयटीवाला. त्याने घासाघीस केली नाही, उलट 'वर्थ इट' म्हणाला. मला त्याला एकंदर बारा तास लागले होते. काकांचा कोयता तीनशेला जातो. काका आणि मावशी दोघांचा मिळून एक तास. म्हणजे माल दोन्हीकडचा बाजूला ठेवला तर त्यांच्या एका माणसाच्या तासाला दीडशे, आणि माझ्या तासाला पावणेचारशे. शिकाऊ माणसाला उस्तादाच्या अडीच पट! आणि त्यांच्याकडे "वीस रुपये कमी करा की" म्हणणारा गाडी थांबवून खाली उतरलेला माणूस आमच्यातलाच असतो.

पुण्यात हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. एका ठिकाणी आमच्या ग्रुपला टेबल मिळालं. मी काकांसाठीही अर्ज केला. विळे, अडकित्ते, सुऱ्या, सगळ्यांचे फोटो जोडले. उत्तर आलं की हे 'हार्डवेअर' आहे, प्रदर्शनाच्या 'एस्थेटिक'मध्ये बसत नाही. म्हणजे तोच पाटा, तोच कोळसा, तीच पाणी द्यायची रीत. माझ्या हातून झालं की कला, त्यांच्या हातून झालं की हार्डवेअर. मी केली तर हॉबी, त्यांनी केली तर जात.

आठवतंय, जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या होत्या, कोल्हापूरचं नावही न घेता? २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तेव्हा आपण सगळे किती पेटलो होतो! व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीला प्रेरणा कुठून घेतली ते कबूल करावं लागलं. छान झालं. पण मंडळी, दर शनिवार-रविवार आपण आपल्या शेडमध्ये आणि बाल्कनीत छोटी प्राडाच चालवतो, त्याचं काय? मिलान लांब आहे, तिथे बोट दाखवायला सोपं जातं. यवत जवळ आहे.

हे काही आजचंही नाही. जुन्या दमास्कस तलवारींचं ज्याच्यामुळे जगभर नाव झालं त्या पोलादाच्या वड्या दक्षिण भारतातल्या भट्ट्यांतून जात होत्या. गाजलं ते दूरच्या शहराचं नाव. भट्टी फुंकणाऱ्याचं नाव कुणी विचारलं?

सुरा कुणाच्या हातात शोभतो?

पैशापेक्षाही वाईट गोष्ट वेगळीच आहे.

शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रांच्या यादीत येतं. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामाचं असेल तर सोडून. आम्ही पाती चार इंचांची करतो, त्यामुळे निर्धास्त. कायदा ठीकच आहे. पण २०२२-२३ मध्ये पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या आल्या, आणि कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधारकार्ड घ्या असं पोलिसांनी विक्रेत्यांना सांगितलं. पोलिसांची अडचण मला समजते. पण त्या काळात रस्त्याकडेला कोयते मांडून बसणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघायला लागले, तेही बघितलंय. आणि त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपमधला एक जण ऑनलाइन मागवलेला सात इंची 'टॅक्टिकल' सुरा ऑफिसात सगळ्यांना दाखवत होता आणि मॅनेजर "कूल!" म्हणत होता.

'शिकारी' हा शब्द आपल्याला इतका आवडतो ना? आमच्या दौंड-शिरूर भागात ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगल्या असे पारधी राहतात. इंग्रजांनी १८७१ पासून कायदे करून अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पारधीही त्यात आले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. पारध्याच्या पोराच्या कमरेला सुरा दिसला तर काय होईल, हे मी इथे लिहायची गरज नाही. माझ्या कमरेला दिसला तर लोक विचारतात, "कुठला ब्रँड?" आपण शिकाऱ्याचा सुरा घेतला, शिकाऱ्याचा रुबाब घेतला. शिकाऱ्याला मात्र पालात ठेवलं.

आक्षेप येतीलच

एक: "तुम्ही स्वतः तेच करता की!" करतो, आणि करणार. लोहारकाम फक्त लोहाराच्या पोराने करावं असं म्हणणारा मी शेवटचा माणूस असेन. इंजिनियरने ऐरणीला हात लावावा, कातडं शिवावं, काळे हात घेऊन जेवायला बसावं. माझं भांडण हात लावण्याशी नाही. हात लावल्यावर "हे मी शोधलं" असा आव आणण्याशी आहे.

दोन: "म्हणजे परंपरा टिकवायची का?" अजिबात नाही. काकांचा मुलगा आयटीआयला आहे, त्याला भात्यापुढे बसायचं नाही. त्याने बसूही नये. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडून ठेवलंय की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, कामगारांचीही वाटणी आहे. बलुतेदारीत लोहाराला आणि चर्मकाराला सुगीला धान्य मिळायचं, पण धंदा बदलायची मुभा नव्हती. ती व्यवस्था गेली हे उत्तम झालं. 'गावगाड्याची सुंदर परंपरा' वगैरे गळे काढणाऱ्यांत मी नाही. हे काम जातीतून सुटलंच पाहिजे. पण सुटताना ज्ञान, पैसा आणि नाव हे तिन्ही आमच्याकडे, आणि राख तेवढी त्यांच्याकडे, अशी सुटका नको.

तीन: "त्यांच्या मालाला फिनिश नसतो." खरंय. तीनशेत फिनिश येत नसतो. साडेचार हजार देऊन बघा, मग बोलू.

चार: "किंमत बाजार ठरवतो." बाजार म्हणजे कोण? बाणेरचा तो गिऱ्हाईक, प्रदर्शनवाले, तुम्ही आणि मी. बाजार आभाळातून पडत नाही.

पाच, हा माझा आवडता: "इतकं कशाला मनावर घेता, शेवटी हॉबी आहे." फर्स्ट इयरला वर्कशॉप नावाचा विषय असतो. कारपेंट्री, फिटिंग, स्मिथी. कित्येक पोरं स्मिथीचा जॉब वर्कशॉपमधल्या मामांकडून करून घेतात आणि व्हायव्हाला स्वतःचा म्हणून मांडतात. मार्क पोराला, मामा तिथेच. चार वर्षांनी पोरगा मेकॅनिकल इंजिनियर होतो, लोह-कार्बनची आकृती त्याला पाठ असते आणि ज्याने आयुष्यभर ती आकृती हाताने जगली तो 'हेल्पर' राहतो. सवय तिथून लागलेली आहे. म्हणून मनावर घेतो.

मग करायचं काय?

फार काही नाही. आमच्या ग्रुपपुढे मी ही यादी ठेवली आहे. तिघे चिडले, दोघांनी मानली, बाकीचे 'बघू' म्हणाले.

पहिलं, ज्याच्याकडून शिकतो त्याला फी द्यायची. चहापाणी नव्हे, फी. गिटारच्या क्लासला महिन्याला जेवढी देतो तेवढी, ठरवून आणि आगाऊ. पालातला माणूस 'सर' आहे, त्याला सरांसारखं वागवायचं.

दुसरं, आपण सुऱ्यावर आपला ठसा मारतो. रीत कुणाची, कातडं कुणी कमावलं, शिवण कुणी शिकवली, हे त्यांना विचारून, त्यांची इच्छा असेल तर, सोबतच्या कार्डावर छापायचं. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याचा कोड वापरला तर लायसन्सची फाइल जोडतो की नाही? न जोडणाऱ्याला आपण चोर म्हणतो. तोच नियम इथे.

तिसरं, रस्त्यावरून विळा-सुरी घेताना घासाघीस बंद. आणि जिथे आपल्याला टेबल मिळतं तिथे अर्धं टेबल त्यांचं. आयोजकाला चालत नसेल तर आपणही नाही. मी त्या प्रदर्शनाला यंदा गेलो नाही.

चौथं, 'हंटिंग नाइफ' म्हणणं सोडायचं. सुरा म्हणा, सुरी म्हणा. जे कापतो त्याचं नाव द्या. पनीरचा सुरा म्हणायला लाज वाटत असेल तर भाजीचा म्हणा.

आणि पाचवं, सगळ्यात स्वस्त, एक पैसा लागत नाही. ते दोन शब्द तोंडातून काढून टाका. सोमवारी ऑफिसात कुणी घाईने फुटका बिल्ड पुढे ढकलला तर त्याला 'रिलीजघाई' म्हणा, 'मॅनेजरघाई' म्हणा, काय वाटेल ते म्हणा. घिसाड्याचा त्यात काही संबंध नाही. आणि कुणी चार प्रश्न जास्त विचारले तर निमूटपणे उत्तरं द्या. बहुतेक वेळा सुरी आपलंच घर उसवायच्या बेतात असते, आणि ते विचारणाऱ्याला आपल्या आधी दिसलेलं असतं.